गरिबाचे कोकरू आणि श्रीमंतांचे मैदान

दावीद आणि गल्याथ यांची कथा आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्याच वर्षी कळते. गोफणीतून सुटलेला एक गोटा आणि धारातीर्थी पडलेला राक्षसी योद्धा हे चित्र मनातून सहसा पुसले जात नाही. म्हणूनच एखाद्या लहान फुटबॉल संघाने बलाढ्य संघाला धूळ चारली की, वार्ताहर कोणत्याही धर्माचा असो, त्याला हीच कथा आठवते. परंतु याच दावीदाच्या चरित्रात पुढे आणखी एक कथा येते. ती मुलांना फारशी सांगितली जात नाही आणि क्रीडांगणावर तर तिची आठवण कोणालाच होत नाही.

दावीद आता राजा झाला आहे. त्याने उरियाची पत्नी आपलीशी केली आहे आणि उरियाला रणात मरू दिले आहे. संदेष्टा नाथान त्याच्याकडे येतो व एक फिर्याद मांडतो. एका नगरात दोन माणसे होती. श्रीमंताजवळ मेंढरांचे कळपच्या कळप होते; गरिबाजवळ एकच कोकरू होते. ते त्याच्या मुलांबरोबर वाढले, त्याच्या ताटातले खाई आणि त्याच्या कुशीत निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा आपल्या कळपाला हात न लावता त्याने गरिबाचे ते कोकरू नेले. हे ऐकून राजा संतापला आणि अशा माणसाने चौपट भरपाई केली पाहिजे, असा निकाल त्याने दिला. तेव्हा नाथानाने बोट रोखले ते राजाकडेच.

लहान आणि श्रीमंत फुटबॉल संघांचा इतिहास वाचताना वाटते की, गल्याथाची कथा त्यातील एखाद्या दुपारचे वर्णन करते; नाथानाची कथा मात्र संपूर्ण शतकाचे. श्रीमंत संघ लहान संघाला मैदानावर हरवितो हे त्याचे खरे बळ नव्हे. लहान संघाने वाढविलेला खेळाडू तो घेऊन जातो, आणि कधी कधी तो संघच घेऊन जातो, हे त्याचे खरे बळ होय. प्रस्तुत लेखात हा इतिहास तीन ठिकाणी पाहावयाचा आहे: आपल्या जुन्या हैदराबाद राज्यात, गोव्यात आणि स्कॉटलंडमध्ये.

पोलिसांचा संघ

परभणीच्या वाचकाला फुटबॉल हा परका विषय वाटण्याचा संभव आहे. मराठवाड्याच्या मैदानांवर क्रिकेट आणि कबड्डी यांचे राज्य आहे. परंतु एक गोष्ट आपण विसरतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पूर्णा व नांदेडवरून जाणारी आगगाडी ज्या राजधानीला पोहोचत असे, त्या राजधानीतील एका संघाने त्याच काळात भारतीय फुटबॉलमधील श्रीमंतांची झोप उडविली होती. तो संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस.

त्या काळी भारतीय फुटबॉलचे वैभव कोलकात्यात नांदत होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन संघांपाठीमागे हजारो सभासद, धनिक आश्रयदाते आणि वृत्तपत्रे उभी होती. हैदराबादच्या संघापाठीमागे होते पोलीस खाते आणि एक शाळामास्तर. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते. मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली होती आणि देशातील मानाच्या स्पर्धांत तिची गणना होत असे. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा करंडक जिंकला. १९५० च्या ड्युरंड स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने मोहन बागानला नमविले.

हे कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे. रहीम यांना उत्तमोत्तम खेळाडू विकत घेता येत नव्हते. म्हणून हाताशी असलेल्या मुलांना त्यांनी घडविले. चेंडू पायात घोळवीत एकट्याने पुढे जाण्याचा मोह मोडावा म्हणून तसे करण्यास मनाई असलेले सामने त्यांनी भरविले. उजव्या पायाच्या खेळाडूला डाव्या पायाने खेळायला लावले. चेंडू आला की एका स्पर्शात तो पुढच्या सहकाऱ्याकडे जावा, ही शिस्त त्यांनी मुलांच्या अंगी बाणविली. पैशाची उणीव त्यांनी शिक्षकाच्या चिकाटीने भरून काढली. हेच रहीम पुढे राष्ट्रीय संघाचे गुरू झाले. १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताने सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकाविले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा आपल्या समाजाला माहीत असलेला वीर याच गुरूच्या संघातला.

कोलकात्याची वाट

येथपर्यंत ही दावीद आणि गल्याथाची कथा झाली. परंतु रोव्हर्स करंडक ही बाद पद्धतीची स्पर्धा होती. अशा स्पर्धेत दोन-तीन आठवडे जिवाचे रान केले की लहान संघही शिखर गाठू शकतो. वर्षानुवर्षे टिकून राहावयाचे तर खेळाडू टिकले पाहिजेत, आणि हैदराबादचे खेळाडू टिकले नाहीत.

सिकंदराबादजवळील अम्मुगुडा या वस्तीत वाढलेला तुलसीदास बलराम हा त्या पिढीतील सर्वांत कसदार आघाडीपटूंपैकी एक. रहीम यांच्या नजरेने त्याला हेरले आणि १९५७ मध्ये तो ईस्ट बंगालचा झाला. १९६६ मध्ये मोहम्मद हबीब आणि सय्यद नईमुद्दीन हे हैदराबादचे दोघे तरुण त्याच संघात दाखल झाले. हबीबने नोकरीची बोलावणी नाकारून फुटबॉल हाच आपला पेशा मानला. १९७७ मध्ये पेले यांचा कॉसमॉस संघ कोलकात्यात आला, तेव्हा मोहन बागानकडून खेळताना त्याने गोलही केला. या खेळाडूंना दोष देण्याचे कारण नाही. गरीब घरातल्या मुलाने आपल्या पायांचे मोल मिळेल तेथे जावे, यात अनीती कसली? कोलकात्याने त्यांना मान दिला, कीर्ती दिली. पण हैदराबादच्या अंगणाला काय मिळाले? ११ जून १९६३ रोजी रहीम कर्करोगाने निवर्तले. घडविणारा गेला आणि घडलेलेही गेले. पुढील दशकांत त्या शहराचे नाव राष्ट्रीय फुटबॉलमधून हळूहळू मागे पडले. याला इतरही कारणे होती. परंतु पिकविणाऱ्याच्या पदरात बियाणेही न उरणे हे त्यांतले मोठे कारण होय.

त्याच काळातील एक उलटे उदाहरणही ध्यानात ठेवावे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व करणारे प्रदीपकुमार बॅनर्जी ईस्टर्न रेल्वे या संघात राहिले. मोहन बागान वा ईस्ट बंगाल यांच्याकडून ते कधीच खेळले नाहीत. १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कोलकात्याची साखळी स्पर्धा जिंकली. त्यानंतर तीन मोठ्या संघांखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती ते विजेतेपद लागावयास २०१९ साल उजाडावे लागले. ते पीअरलेस संघाला मिळाले. मध्ये ६१ वर्षे गेली. एका कोकराने घर न सोडल्याने काय होऊ शकते आणि बाकीच्यांनी सोडल्याने काय होते, हे या एका आकड्यावरून कळते.

खाणमालक आणि गावे

गोव्यात या कथेला निराळे वळण मिळाले. तेथे फुटबॉल आला तो धर्मगुरूच्या हातून. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू प्रकृती सुधारावी म्हणून १८८३ मध्ये बार्देशातील शिवोली गावी आले. त्यांनी मुलांना हा खेळ शिकविला आणि पुढे हडफडे येथील शाळेतून त्याचा प्रसार केला. चर्चसमोरचे पटांगण, पीक कापल्यावर मोकळी झालेली शेते आणि फेस्ताच्या दिवशी गावागावांत होणारे सामने यांतून गोमंतकाचा फुटबॉल वाढला. प्रत्येक गावाचा संघ ही त्या गावाची अब्रू होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावांच्या शेजारी खाणमालकांचे संघ उभे राहिले. १९५६ मध्ये साळगावकरांचा संघ निघाला. डिचोलीत १९६१ साली निघालेला एक क्लब पुढे धेंपे उद्योगसमूहाच्या छत्राखाली आला आणि धेंपो स्पोर्ट्स क्लब या नावाने देशभर गाजला. सासष्टीतील वार्का गावचा क्लब १९८८ मध्ये चर्चिल ब्रदर्स झाला. येथे श्रीमंताने केवळ कोकरूच नव्हे, तर गोठाही नेला, असे कोणी म्हणेल.

परंतु न्यायबुद्धीने पाहिले तर नाथानाची कथा येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. कथेतील श्रीमंताने कोकरू कापून पाहुण्याच्या पानात वाढले. गोव्याच्या उद्योगपतींनी कोकरांना खाऊ घातले. गावचा जो मुलगा एरवी जहाजावर वा आखाती देशांत गेला असता, त्याला नोकरी, पगार आणि गावाजवळच राहून खेळण्याची सोय मिळाली. फळही तसेच आले. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद आठ वेळा गोव्याकडे गेले: पाच वेळा धेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स आणि एकदा साळगावकर. एवढ्याशा प्रदेशाने कोलकाता, मुंबई आणि पंजाब यांना मागे सारावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

दोष होता तो पायात. जो संघ एका घराण्याच्या वा एका कंपनीच्या तिजोरीवर उभा असतो, त्याचे आयुष्य त्या तिजोरीच्या मालकाच्या निर्णयाएवढेच असते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. १९९६-९७ च्या पहिल्याच राष्ट्रीय साखळीचा विजेता, पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी संघ, २०११ मध्ये मोडला. गोव्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले आणि खाणींवर पोसलेल्या साऱ्याच व्यवहारांना ओहोटी लागली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा आली. तिच्यात प्रवेश मैदानावरील गुणांनी नव्हे, तर शुल्क भरून मिळत होता. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी, देशातील फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून, २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. जे काल गावांना श्रीमंत वाटत होते, ते आज आणखी मोठ्या श्रीमंतांपुढे गरीब ठरले. खालच्या साखळीतून विजयाच्या बळावर सुपर लीगमध्ये चढण्याचा मार्ग पहिल्यांदा २०२३ मध्ये पंजाब एफसी या संघाला मिळाला. धेंपो संघ पुन्हा खालून सुरुवात करून २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

बोट आपल्याकडेच

कोलकात्याचे क्लब आणि गोव्याचे उद्योगपती यांची ही हकीकत वाचून आपल्या समाजाने समाधानाचा सुस्कारा टाकण्याचे कारण नाही. या इतिहासातील कोकरू पळविण्याची सर्वांत ठळक घटना स्कॉटलंडमध्ये घडली, आणि ती दोन कॅथोलिक धर्मग्रामांच्या संघांमध्ये घडली.

आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळानंतर हजारो आयरिश कुटुंबे पोटासाठी स्कॉटलंडच्या शहरांत आली. ती गरीब होती, कॅथोलिक होती आणि म्हणून दुहेरी उपरी होती. एडिंबरा शहरातील काउगेट या दाट वस्तीत सेंट पॅट्रिक धर्मग्राम होते. तेथील धर्मगुरू कॅनन एडवर्ड हॅनन यांनी तरुणांसाठी कॅथोलिक युवक मंडळ चालविले होते. मायकल व्हेलहान या तरुणाच्या पुढाकाराने त्या मंडळातून १८७५ मध्ये हिबर्नियन हा फुटबॉल संघ निघाला. आरंभी इतर संघांनी त्यांना आयरिश म्हणून खेळात घेण्यासही नकार दिला. तरी बारा वर्षांत या मुलांनी स्कॉटिश करंडकावर नाव कोरले. १८८७ मध्ये डम्बार्टन संघाचा २-१ असा पराभव करून त्यांनी तो जिंकला. स्कॉटलंडच्या पूर्व भागातील संघाला मिळालेला तो पहिला करंडक होता.

हा विजय ग्लासगोतील आयरिश बांधवांनीही साजरा केला. त्या शहराच्या पूर्व भागात मारिस्ट संघाचे ब्रदर वॉल्फ्रिड हे शाळा चालवीत. उपाशी मुले शाळेत येत नाहीत आणि आली तरी शिकत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या मदतीने गरीब मुलांना दुपारचे जेवण देण्याचा त्यांचा उपक्रम होता आणि त्याला पैसा हवा होता. हिबर्नियनचा विजय पाहून आपल्याकडेही असा संघ असावा, ही कल्पना बळावली. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिक क्लबची स्थापना झाली. उद्देश कोणालाही मान्य व्हावा असाच होता: सामन्यांच्या उत्पन्नातून तीन धर्मग्रामांतील भुकेल्या मुलांचे ताट भरणे.

पण नव्या संघाला खेळाडू कोठून मिळणार? २८ मे १८८८ रोजी सेल्टिकने पहिला सामना खेळून रेंजर्सला ५-२ असे हरविले, तेव्हाच त्या संघात हिबर्नियनचे काही गडी होते. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस हिबर्नियनचे अनेक प्रमुख खेळाडू सेल्टिकमध्ये गेले. स्कॉटलंडमध्ये खेळाडूला उघडपणे पैसे देण्याची मुभा १८९३ मध्ये मिळाली. तोवर आमिषे आडमार्गाने दिली जात. एडिंबऱ्याच्या धर्मग्रामाने घडविलेला संघ ग्लासगोच्या धर्मग्रामाने जवळजवळ उचलून नेला. तीन वर्षांत हिबर्नियन कोलमडला. १८९१ मध्ये कॅनन हॅनन यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी संघाचे खेळणेही थांबले.

इकडे सेल्टिक वाढत गेला. १८९२ मध्ये वॉल्फ्रिड यांची लंडनला बदली झाली. १८९७ मध्ये क्लब मर्यादित कंपनी बनला आणि भागधारकांच्या लाभांशापुढे गरीब मुलांचे ताट मागे पडले. गरिबांसाठी निघालेला संघ दहा वर्षांत श्रीमंत संघ झाला होता. आजचा सेल्टिक संघ दानधर्म करतो आणि वॉल्फ्रिड यांचे स्मरणही आदराने जपतो. पण इतिहासाचा दाखला स्पष्ट आहे. भुकेल्या लेकरांसाठी उभे राहणारेही दुसऱ्या गरिबाचे कोकरू नेऊ शकतात, आणि हेतू पवित्र असल्यामुळे त्यांना ते जाणवतही नाही. नाथानाचे बोट कोणाकडेही वळू शकते, ते असे.

करंडक आणि साखळी

स्कॉटलंडचा पुढचा इतिहास मुख्यतः सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन धनाढ्य संघांचा आहे. १९८० ते १९८५ या काळात अॅबर्डीनने अलेक्स फर्ग्युसन यांच्या हाताखाली तीनदा आणि डंडी युनायटेडने एकदा साखळी जिंकली. १९८३ मध्ये तर अॅबर्डीनने रिआल माद्रिदला हरवून युरोपियन करंडक विजेत्यांचा चषक आणला. परंतु १९८६ मध्ये फर्ग्युसन मँचेस्टरला गेले. १९८५-८६ पासून २०२४-२५ पर्यंतच्या चाळीस हंगामांत साखळीचे विजेतेपद ग्लासगोच्या या दोन संघांबाहेर एकदाही गेले नाही.

बाद पद्धतीच्या सामन्यांत मात्र लहानांना अधूनमधून दिवस लाभतो. फेब्रुवारी २००० मध्ये इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसल या खालच्या विभागातील संघाने सेल्टिकला त्याच्याच मैदानावर ३-१ असे गारद केले. पर्थ शहराच्या सेंट जॉन्स्टनने २०२०-२१ मध्ये दोन्ही राष्ट्रीय करंडक नेले. एका दुपारी धैर्य पुरते. अडतीस आठवडे पुरतो तो पैसा. रोव्हर्स करंडकाची पाच वर्षे आणि कोलकात्याच्या साखळीची एकसष्ट वर्षे हेच सांगतात.

मग लहानांच्या हाती काहीच नाही काय? आहे, आणि त्याची दोन उदाहरणे स्कॉटलंडमध्येच सापडतात.

पहिले हिबर्नियनचे. मेलेला संघ १८९२-९३ मध्ये पुन्हा उभा राहिला. या वेळी केवळ कॅथोलिक मंडळाच्या सभासदांनीच खेळावे, ही अट सोडून त्याने दारे सर्वांना खुली केली. १९०२ मध्ये त्याने स्कॉटिश करंडक जिंकला, तो सेल्टिकला त्याच्याच मैदानावर १-० ने हरवून. १९९० मध्ये पुन्हा संकट आले. कर्जात रुतलेला हा क्लब त्याच शहरातील प्रतिस्पर्धी हार्ट्स संघाचे अध्यक्ष विकत घेऊन आपल्यात विलीन करू पाहत होते. समर्थक रस्त्यावर आले, सभा भरल्या, भागधारकांची दारे ठोठावली गेली आणि बेत फसला. पुढे लीथ येथील टॉम फार्मर या कॅथोलिक उद्योजकाने क्लबला आधार दिला. करंडक मात्र पुन्हा हाती यावयास २०१६ साल यावे लागले. तब्बल ११४ वर्षे! एवढा काळ हरणाऱ्या संघाला सोडून न जाणारी माणसे हेच त्याचे भांडवल होते.

दुसरे उदाहरण हार्ट्सचे. जो क्लब एके काळी शेजाऱ्याला गिळू पाहत होता, तोच २०१३ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. तेव्हा हजारो समर्थकांनी दरमहा थोडी थोडी वर्गणी देऊन तो वाचविला आणि २०२१ मध्ये क्लबची बहुमताची मालकी त्यांच्या संस्थेकडे आली. आणखी एक प्रसंग बोलका आहे. २०१२ मध्ये रेंजर्सची कंपनी बुडाली. वरच्या वर्तुळातील काहींना वाटत होते की, इतका मोठा संघ तळाशी गेला तर सर्वांचेच उत्पन्न घटेल. पण खालच्या विभागांतील ३० क्लबांपैकी २५ क्लबांनी मत दिले की, रेंजर्सने सर्वांत तळाच्या विभागातून सुरुवात करावी. स्वतःचे नुकसान पत्करून त्यांनी नियम राखला. लहानांजवळ पैसा नसतो. मत असते, वर्गणी असते आणि चिकाटी असते.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रात या चिकाटीचे दर्शन घ्यावयाचे तर कोल्हापूरला जावे. तेथील नामांकित संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनी आणि पेठांनी हे संघ सांभाळले. त्यांचा मालक कोणी एक धनिक नव्हे, पेठच मालक. म्हणूनच मुंबईतील गिरण्यांचे आणि कंपन्यांचे संघ एकामागून एक अस्तंगत झाले, तरी शाहू स्टेडियमवरची गर्दी ओसरली नाही. अलीकडे तेथेही बाहेरगावचे व परदेशी खेळाडू मानधनावर आणण्याची चढाओढ लागली आहे. पेठेतील पोराची जागा त्यात जाऊ नये, एवढी दक्षता पेठेनेच घ्यावयाची आहे.

आणि आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? परभणीसारख्या जिल्ह्यात आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. मोठा संघ उभारण्याचे स्वप्न आपण पाहू नये. पण चर्चच्या वा शाळेच्या आवारात सायंकाळी चेंडूमागे धावणारी मुले आपल्याकडेही आहेत, शेजारच्या हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध घरांतलीही आहेत. हिबर्नियनने दारे उघडली, तेव्हा तो जगला, हे येथे आठवावे. त्यांच्यातला एखादा मुलगा उद्या मोठ्या संघात गेला तर त्याला अडवू नये. आनंदाने निरोप द्यावा. परंतु तो कोणाच्या अंगणात वाढला याची नोंद असावी.

ही नोंद केवळ भावनेची बाब राहिलेली नाही. जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, २००१ च्या नियमांनुसार असे ठरविले की, कराराखाली असलेला खेळाडू मोबदला देऊन एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला, तर त्या रकमेचे शेकडा पाच टक्के त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत घडविणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जावेत. दावीदाने चौपट भरपाई सांगितली होती; फिफाने शंभरातले पाच सांगितले. तरी गरिबाच्या कोकराला काही किंमत आहे, हे तत्त्व मान्य झाले, हेही कमी नाही. मात्र ही भरपाई मिळते ती संघटनेकडे रीतसर नोंदलेल्या क्लबाला आणि ज्याच्या दप्तरी खेळाडूचे नाव असेल त्याला. ज्या अंगणाचे कागद नाहीत, त्याचा हक्क कोणी विचारीत नाही.

नोंदवहीचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकविण्याची गरज नाही. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची वही असते. मूल मोठे होऊन कोठेही गेले, दूरच्या शहरात त्याचा विवाह झाला, तरी त्याची खबर मूळ धर्मग्रामाकडे येते आणि त्याच जुन्या पानाच्या समासात लिहिली जाते. माणूस गेला तरी पान त्याचे राहते. मैदानाचीही अशी एक वही आपण ठेवावी. नाव, वय, खेळू लागल्याची तारीख आणि शिकविणाऱ्याचे नाव एवढे त्यात पुरे. नाथानाने गरिबाला कोकरू परत आणून दिले नव्हते; ते कोणाचे होते एवढेच त्याने राजाच्या तोंडावर सांगितले. तेवढे सांगता यावे, यासाठी तरी ते आपल्याकडे लिहिलेले असले पाहिजे.